शेरा

रबाळ्याला, रबराच्या बंद कारखान्यामागे
निळ्या पत्र्याची शेड. बोर्ड नाही.
आत मी वही लिहिते, साडेनऊ ते सहा,
महिना अकरा हजार, चहा ज्याचा त्यानं.

रकाने मालकानं आखून दिलेत:
पिंजरा नंबर. जात. माजाची तारीख. नर.
व्याली कधी. किती. जगली किती. गेली कितीला.
शेवटी अरुंदसा एक रकाना – शेरा.
सहा वर्षं मी त्यात एकच शब्द लिहिलाय:
निरंक.

पिंजरे तीन मजली, तळाला जाळी,
घाण आपोआप खाली पडते,
वरचीची मधलीवर, मधलीची खालचीवर.
जुन्या माद्या खालच्या ओळीत.
वासाची सवय मला चौथ्या दिवशी झाली.
आवाजाची करावीच लागली नाही.
नवी आलेली आठवडाभर भुंकते,
मग तीही.

शनिवारी गाड्या येतात,
घोडबंदरहून, पामबीचहून.
गिऱ्हाईक पुढच्या खोलीतच बसतं.
तिथं एसी, खोटं गवत,
टॉवेलात नुकतं न्हालेलं पिल्लू.
एका मुलीनं विचारलं होतं,
"ह्याची आई बघायला मिळेल?"
मालक म्हणाला, आई फार्मवर असते, गावाला.
मी पावती लिहीत होते.
फाडून दिली.

सतरा नंबर. लॅब्रडोर.
नऊ विणी, अठ्ठावन्न पिल्लं, जगली एकोणपन्नास.
दहाव्यांदा राहिली नाही.
मालक दिगंबरला म्हणाला,
पारसिकच्या डोंगराकडे सोडून ये.
मी म्हटलं, मला द्या, खोलीत उंदीर फार झालेत.
दया वगैरे नव्हती.
टेम्पो दिघ्यावरूनच जाणार होता.

फरशीवर ठेवली तर नुसती उभी.
पंजे फाकलेले,
बोटांमधलं अंतर जाळीच्या मापाचं.
पायाखाली भोक नाही, हे तिला पटेना.
मुतली, आणि ते खाली गेलंच नाही,
तर किती वेळ त्याच्याकडे बघत राहिली,
माझ्याकडे बघत राहिली.
मग चालायला लागली,
तीन पावलं, वळण.
तीन पावलं, वळण.
अख्खी खोली मोकळी असून.
शेजारच्या सुलभा म्हात्रे म्हणाल्या,
चावी दिलीय का गो हिला?

सतरा म्हटलं की कान हलायचा.
ते नको म्हणून नाव ठेवलं शेरा.
गल्लीतला ओवेस हसला,
"मावशी, शेरा तर नराचं नाव!"
असू दे, म्हटलं.
त्याला कुठं रकाना दाखवत बसू.

रविवारी ऐरोलीला, खाडीकडच्या रस्त्यावर
एक तरणा लॅब समोर आला,
छातीवर पांढरा ठिपका.
सातवी वीण, तिसरं पिल्लू, अठ्ठावीस हजार,
सानपाड्याचे गद्रे.
मला सगळं तोंडपाठ.
त्यानं तिला हुंगलं, तिनं त्याला.
माझाच श्वास अडकला.
मग ती गद्र्यांच्या बुटाकडे वळली,
बिस्किटाचा चुरा होता तिथं.
तो शेपूट हलवत पुढच्या झाडाकडे.
गद्रे म्हणाले,
"छान आहे हो तुमची. कितीला घेतलीत?"
त्यांनी मला ओळखलं नाही.
पावती देणारीचा चेहरा कोण बघतं.

काल सतरा नंबरात नवी आली,
दीड वर्षाची, अजून भुंकतेय.
जुनीची ओळ बंद करायची होती.
मी शेवटच्या रकान्याशी थांबले.
मालक म्हणाला, रिकामं का?
लिहिते, म्हटलं.

संध्याकाळी मी घरी जाते
तेव्हा ती साडीचा वास घेते
आणि खाटेखाली शिरते.
तिथं तीन पावलं मावत नाहीत,
वळण तेवढं मावतं.
मी आधी आंघोळ करते, साबण दोनदा,
मग हाक मारते.

कधी येते.
कधी नाही.